लहबाबचं मौन

पहाटे चारला वाळूत ससाणा आला,
तासाच्या भाड्याने, डोळ्यांवर टोपी.
शर्वाणीबाईंनी मनगट पुढे केलं.

मजकूर मी कालच लिहिलाय,
शारजात, अल नहदाच्या खोलीत, मोजे वाळत घालताना:
‘इथे फक्त मी आणि माझं मौन.’
मौनामागे सात जण, दोन गाड्या, एक जनरेटर.
पावलांचे ठसे आम्ही दर वेळी झाडूने पुसतो,
म्हणजे बाई पुन्हा पहिल्यांदाच येतात.

ऊन चढल्यावर, गाडीच्या सावलीत
माझ्या डब्यातली शिळी पोळी
मांडी घालून खाल्ली त्यांनी, लसणाच्या चटणीशी.
आईचं काहीतरी बोलल्या,
वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

मग थबकल्या.
उरलेला तुकडा तसाच हातात:
“मुळीक, कॅमेरा काढ.
मी परत भूक लागल्यासारखं करते.”