किलोला पन्नास कमी

पाटणकर बाजारात माझं दुकान. कोट शिवतो.
खिशात काय राहणार, ते आधी विचारतो,
कापडाच्या पोटात काही राहत नाही म्हणून.

जाचकबाईंनी कटिंगच्या टेबलावर रुमाल उलगडला.
मॅगझिन काढून बाजूला ठेवलं,
स्लाइड मागे ओढून आतला अंधार दाखवला: रिकामं.
तरी नफीसची काजाची सुई थांबलीच.

भिंड रोडला बाईंचा पेट्रोल पंप.
रात्री साडेदहाला गल्ला घेऊन निघतात,
गाडी स्वतः चालवतात.
"पॉइंट पंचेचाळीस," म्हणाल्या,
मुलाची इयत्ता सांगावी तसं.
"आखूड आहे. लपेल ना?"

टेप लावली. लांबी पावणेसात, जाडी सव्वा इंच.
नळीच्या तोंडात करंगळीचं टोक मावलं असतं.
घालून पाहिलं नाही.

विकणारा म्हणाला होता, आखूड नळी, लपवायला सोपी.
तो बंदुका विकतो. त्याला कोटातलं काय कळतं.
नळी बिचारी खाली तोंड करून गप्प बसते,
चुगली करते ती मूठ.
माणूस चप्पल घालायला वाकला
की मूठ आतून कोपर मारते,
आणि समोरचा पानवाला
चुना लावता लावता हात आवरतो.

"उडते कशी?" शिंप्यानं विचारू नये ते विचारलं.
"पहिली लागते. दुसरीला मनगट छताकडे जातं.
सहा आहेत. सहावीपर्यंत कोण थांबतंय, पिसे?"
मनगटाला क्रेप बँडेज होतंच.
"मग बत्तीसची का नाही घेत? हलकी असते."
"ही घेतलेली आहे," म्हणाल्या. "ह्यांनी."
पुढं मी विचारलं नाही.

दाल बाजारातल्या सुगनचंदकडून वजनं आणली:
अर्धा किलो, दोनशे, आणखी एक दोनशे, पन्नास.
भरलेलं पिस्तूल बरोबर तेवढंच,
किलोला पन्नास कमी.
मोज्यात बांधून कोटाच्या आत टांगली. तीन दिवस.
उजवा खांदा अर्धा इंच उतरला.
(बाई डावखुऱ्या, म्हणून खिसा उजवीकडे.)
कॅनव्हास दुहेरी केला,
अस्तराला ड्रिलचं कापड दिलं,
घोडा अडकू नये म्हणून तोंडाशी शिवण उलटी फिरवली.
मूठ झाकायला बगलेखाली जरा सैल सोडलं,
इतकं, की बघणाऱ्याला वाटावं शिंपी चुकला.
ते मात्र जिवावर आलं.

ट्रायलला आरशासमोर उभ्या राहिल्या.
आधी बाह्यांची लांबी पाहिली.

हिवाळा गेला. उन्हाळ्यात कोटाची आठवण कोण काढतं.
कार्तिकात निवडणुकीची आचारसंहिता लागली,
गावातली हत्यारं ठाण्यात जमा.
बाई आल्या. खिशात पावती.
"कोट डावीकडे ओढतोय. बघा जरा."
पाहिला. कोट सरळ होता.
बाईच चालत होत्या तिरक्या,
उजवा खांदा उचलून,
नसलेल्या वजनाला तोलत.

"खिसा काढून टाकू?"
"नको." मग थोड्या वेळानं,
"साडेदहा तर अजून वाजतातच हो."

खालचा खण उघडला. मोजा तिथंच होता.
खिशात सोडला. बटण लावलं.
दारापर्यंत गेल्या, परत आल्या.
कोटही सरळ. त्याही.

"किती झाले?"
"मतमोजणीनंतर आणून द्या."

मतमोजणी होऊन पंधरा दिवस झाले.
हत्यारं परत मिळाली म्हणतात, रांग लावून.
नफीसनं काल पंपावर पाहिलं:
बाई, तोच कोट, छान बसलेला.
आत काय होतं, त्याला ओळखता आलं नाही.
इतकी वर्षं माझ्याकडे काज करतोय, त्यालासुद्धा.

सुगनचंद येता-जाता विचारतो,
माझी वजनं कुठंयत?
भिंड रोडला, सांगतो.
रात्रपाळीला.