मक्षिकास्थाने

मला पगार मिळतो माश्या मारण्याचा.
कोणाला सांगत नाही; सांगितलं की लोक हसतात.
खरं तर मारण्याहून पाळणंच जास्त:
दूधपावडर, साखर, ओला कोंडा,
पिंजऱ्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर गोठ्याचं नाव.

हा पिंजरा एस्किलचा.
लिमफ्योर्डच्या काठी, बावीस गाई.
युद्ध संपल्यावरच्या उन्हाळ्यात
त्यानं पांढरी भुकटी पाण्यात कालवून भिंतींना फासली
आणि गोठा गप्प झाला.
इतका, की गुदरून म्हणाली,
दुधाची धार बादलीत पडताना
आज पहिल्यांदा ऐकली.
शेपट्या नुसत्या लोंबत होत्या.
तिनं सूपभर माश्या उंबऱ्याबाहेर लोटल्या.

पुढच्या वर्षी खिडकीत पाच-सहा.
त्याच्या पुढच्या वर्षी छत काळं.
एस्किलनं औषध दुप्पट केलं, चौपट केलं,
मग दुकानदाराची गचांडी धरली: भेसळ करतोस?
भेसळ नव्हती.
मी डबा तपासला, जाळी घेऊन गेले,
त्याच्या माश्या आगगाडीनं मांडीवर आणल्या.
समोरचा पाद्री डबा बदलून बसला.

एकेकीच्या पाठीवर सुईच्या टोकाएवढा थेंब.
सकाळी मोजणी.
आमच्या जुन्या वाणाच्या उताण्या, पाय आखडलेले.
एस्किलच्या मात्र हात चोळत बसलेल्या,
पान वाढायची वाट बघत असल्यासारख्या.

कुठे माशी शिंकली ते सांगायला मी परत गेले.
"शिकल्या त्या," एस्किल म्हणाला. "हुशार झाल्या."

नाही रे. माशीला कुठली शाळा?
अंड्यातून अळी, अळीतून माशी,
नकलेवरून नक्कल, मक्षिकास्थाने मक्षिका,
आणि कधीतरी उतरवून घेताना
एक अक्षर चुकतं.
नसेच्या दाराची बिजागरी जराशी वाकडी बसते.
विष येतं दार उघडं धरून ठेवायला,
त्याला पकडच मिळत नाही.
अशी एखादी तुझ्याकडे आधीच असणार,
भुकटीच्या आधी, तुझ्या बापाच्या वेळीसुद्धा,
हजारोंत एक, काही उपयोग नसलेली.
बाकीच्या तू झाडून टाकल्यास
आणि अख्खा गोठा तिच्या नावावर केलास.

तो काही बोलला नाही.
गुदरून बादली विसळत होती. म्हणाली,
"म्हणजे आम्हीच पैदास केली."

मग दुसरं औषध आलं, मग तिसरं,
दर वेळी एक शांत उन्हाळा.
एस्किल गेला. गोठ्यात आता कोणाच्या तरी होड्या ठेवतात.
त्याच्या माश्या आहेत,
किती पिढ्या झाल्या मी मोजलं नाही.

या महिन्यात मी निवृत्त होतेय.
नवी मुलगी चिठ्ठ्या नव्यानं लिहून काढते, अक्षर सुरेख.
एस्किलच्या नावाच्या शेवटी एक ड आहे,
लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो.
पहिल्याच चिठ्ठीवर तो माझ्याकडून राहिला होता.
तिनंही तसंच लिहिलंय,
सगळ्या पिंजऱ्यांवर.

सांगणार होते.
राहू दिलं.