वर जायला दहा तेत्री

धंद्याला नाव ठेवायच्या आधीच
शेजारणींनी नावं ठेवून झाली.
मुर्माननं शिलाईचं मशीन बाल्कनीत ढकललं,
मी जेवणाचं टेबल खिडकीशी ओढलं,
आणि कुताइसीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी
एक, रातोरात, दुकान झाली.
दुसरीत आम्ही चौघं.

भांडवल: बुटांचे सतरा रिकामे खोके,
सासूच्या लग्नातली मखमली फीत, अकरा हात,
पाव किलोला हमखास खोटं बोलणारा काटा,
आणि उजवं दार दोरीनं बांधलेली निवा गाडी.

गिऱ्हाईकं सगळ्या बाया, सगळ्या परदेशात.
बारी, नापोली, एक सालोनिकात.
तिथे त्या परक्या म्हाताऱ्यांना न्हाऊ घालतात,
इथे त्यांची पोरं आजीपाशी वाढतात.
वाढदिवस तेवढा दोन्हीकडे एकाच तारखेला येतो.

रात्री अकराला, तिकडचा म्हातारा झोपला की
फोन वाजू लागतो.
केकवर अननस नको, त्याच्या अंगावर उठतं.
फुगे निळे. नाही, थांब,
आता मोठा झाला असेल. फुगे राहू देत.
आईला चपला पाठवायच्यात. माप?
माप…
मी पेन धरून थांबते.

निरोप मी कार्डावर उतरवते, माझ्या अक्षरात,
शाई वाळेपर्यंत मनगट उचलून.

खर्चाच्या रकान्यात रोजची एक ओळ:
लिफ्ट, दहा तेत्री.
आमच्या जुन्या इमारतींत लिफ्टला पेटी असते,
नाणं टाकलं तरच वर नेते.
उतरणं फुकट.
मुर्मान म्हणतो, जिन्यानं जा, महिन्याकाठी दोन पाव सुटतील.
केक घेऊन सातवा मजला चढून दाखव म्हणावं.

फेब्रुवारीत एतेरीची ऑर्डर.
बाचोला दहावं लागतंय.
रंगपेटी, द्राक्षरसात घोळलेल्या अक्रोडांच्या दोन माळा,
निरोप तीन ओळींचा.
दार दोदो आजीनं उघडलं,
हात पिठाचे, म्हणून खोका पोरानं घेतला.
फीत सोडली नाही. आधी कार्ड.
वाचलं. खिडकीशी नेऊन परत वाचलं.
'हे आईचं नाही.'
'तिचंच आहे रे, मी फक्त…'
'आई ल-ला तीन कमानी काढते.
इथे दोनच आहेत.'

माझ्याकडे पैसे मिळाल्याची पावती होती.
शब्दाला शब्द जुळत होता.
एका कमानीचा हिशेब मात्र
मला देता येईना.

सात मजले पायी उतरले.
फुकटची लिफ्टही नको वाटली.

त्या रात्री एतेरीला कळवलं:
कागदावर लिहा, फोटो पाठवा, मी छापते.
जादा काही पडणार नाही.
तिनं हाती लागलं त्यावर लिहिलं,
म्हाताऱ्याच्या औषधांच्या बिलामागे.
तीच तीन वाक्यं.
खाली एक चौथं, लिहून खोडलेलं.

मुर्माननं कोपऱ्यावरून छापून आणलं, दोन लारी.
वहीत कुठे मांडू, म्हणाला.
मांडू नकोस म्हटलं.

पुन्हा सातवा मजला. दहा तेत्री.
बाचोनं कमानी मोजल्या, एकेकीवर बोट ठेवून.
मग खोडलेलं वाक्य नखानं खरवडून पाहिलं.
छापलेलं होतं ते, निघणार कुठून.
मग कागद उजेडाला धरला.
बिलाची अक्षरं पलीकडून झिरपून
फोटोत आली होती, पुसट, उलटी.
तो आत जाऊन आरसा घेऊन आला
आणि एकेक अक्षर जुळवत बसला:
कुणा परक्या म्हाताऱ्याच्या
रक्तदाबाच्या गोळ्या,
सकाळी एक, रात्री एक.

'म्हणजे रात्री आई जागी असते,' तो म्हणाला.

दोदो आजीनं माझ्यासाठी खुर्ची पुसली.
खाली गाडीत अजून दोन केक होते.
मी बसले.