कवळी

ऑगस्टात तिसा इतकी उतरते
की सेगेदच्या पुलाखाली तिच्या बरगड्या मोजाव्यात.
आम्ही सातजण, गुडघ्यापर्यंत बूट,
नाक चिखलाला लागेल इतके वाकलेले.
खापर दिसलं की आधी जागा टिपायची, मग हात लावायचा.
वही माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं
आणि डोळे तितके बरे नाहीत.

निळ्या झिलईचा ताटाचा काठ.
भट्टीच्या फरशीचा तुकडा, त्यावर अर्धा मोर.
एक हाड. बैलाचं की घोड्याचं,
आकोश आणि बोग्लार्का अजून भांडतायत.
एका पिशवीत पुराआधीचं, दुसरीत नंतरचं.
पूर म्हणजे कुठला, ते इथे कुणी विचारत नाही.
सगळं शहर गेलं तेव्हा
खापर कुणाच्या माथी फोडलं, ते दप्तरात सापडतं.
फुटलेली खापरं मात्र इथे.

उलट्या बादलीवर गळ टाकून देझोआजोबा.
रोज एकच प्रश्न: "माझी कवळी सापडली का रे?"
एकाहत्तर साली पडली, नावेतून,
कधी मोठा मासा ओढताना,
कधी मेहुण्याच्या विनोदावर हसताना.
गोष्ट बदलते, साल बदलत नाही.
सर म्हणतात, "शंभर वर्षं होऊ द्या, मग नोंदवू."

गुरुवारी विन्त्सेच्या खुरप्याखाली टक्‌ झालं.
गुलाबी काहीतरी.
चिखलातून आमच्याकडे बघून दात काढणारं.
सातहीजण असे ओरडलो
की पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला.

आजोबांनी ती पाण्यात विसळली,
सर नाणं धरतात तशी उन्हात धरली,
मग पाठ फिरवून तोंडात बसवून पाहिली.
बोग्लार्काने डोळे मिटले.
"छे. माझी नाही."
"मग कुणाची?"
"मला काय ठाऊक? या नदीवर पुष्कळजण हसलेत."
तेवढ्यात गळाला लागलेला मासा
सुटूनही गेला. त्यांनी दोर ओढला नाही.

पिशवी क्रमांक त्रेसष्ट. सर काही बोलले नाहीत.
वस्तू: कवळी, वरची, दोन दात कमी.
काळ: पुरानंतरचा.
मालक, असं मी लिहिलं,
आणि लक्षात आलं, आपल्या तक्त्यात हा रकानाच नाही.
समासात पट्टी ठेवून आखला.
वर बासष्ट ओळी होत्या.
ताट, मोर, सुई, बटण, बाळाचा चमचा.
रेघ सरळ वरपर्यंत गेली.

शुक्रवारी पाणी दोन बोटं चढलेलं.
उलटी बादली जागेवर.
आजोबांनी ओठ आत मुडपून विचारलं,
"आज?"