बारा नंबर

सामना संपला की अठरा जर्सी माझ्याकडे येतात.
चौदा-पंधरा घामानं जड, उलट्याच काढून फेकलेल्या.
कोरड्या राहिलेल्यांचे नंबर दर आठवड्याला बदलतात,
एकीचा बदलत नाही. हिरवी, बारा नंबरची,
सकाळी मी घातलेल्या घडीच्या रेघा तशाच,
फार तर बाहीला कॉफीचा वास.

तरी मी ती धुवायचे.
अकरा वर्षं, प्रत्येक वेळी.
न धुता परत ठेवली असती
तर मिन्ट्टूला कळलं असतं.

मिन्ट्टू. आईनं पुदिन्याचं नाव ठेवलं
आणि मुलगी वाढली एकशे त्र्याऐंशी सेंटीमीटर.
करार एप्रिल ते ऑक्टोबर.
नोव्हेंबरात कोक्कोलाला पगार थांबतो, उजेडही थांबतो,
मग ती टपालाच्या गोदामात रात्रपाळी करायची,
पट्ट्यावरून घसरत येणारी पार्सलं झेलायची.
मी एकदा म्हटलं, तिथं तरी हाताला काम आहे.
ती म्हणाली, हो, पण तिथं कुणी जोरात मारत नाही.

सान्नी पहिली गोलकीपर. सान्नीचे गुडघे लोखंडाचे.
सान्नीला ताप येत नाही, लाल कार्ड मिळत नाही,
सान्नीचं अपेंडिक्ससुद्धा सुट्टीच्या डिसेंबरातच फुगलं.
मिन्ट्टूनं इस्पितळात तिला लोकरीचे मोजे विणून नेले, पिवळे.
त्या मोज्यांत एकही टाका वाकडा नव्हता.
मी शोधला होता.

बाकावर ती बसायची, मांडीवर ब्लँकेट, हातात ग्लोव्हज.
समोर पेनल्टी आली की उठून उभी राहायची,
आणि तिचा खांदा झुकायचा एका बाजूला,
जिथं चेंडू जाणार असायचा तिथं,
सान्नीच्या अर्धा श्वास आधी.
हे मी पाहिलं, कारण बाकी सगळे
गोलाकडे बघत होते.

नवव्या वर्षी, सप्टेंबरात, ओउलूच्या संघाशी,
एकाहत्तराव्या मिनिटाला सान्नीचं बोट मोडलं.
हार्रीनं मान वळवली. मिन्ट्टू आधीच उभी होती.
पहिलाच कॉर्नर, समोर गर्दी,
चेंडू आमच्याच पोरीच्या पाठीवर आपटून आत.
चूक कुणाचीच नव्हती,
गोलकीपरच्या धंद्यात म्हणजे तिची.
मग एकोणीस मिनिटं: दोन झेल,
एक लाथ थेट प्रेक्षकांत,
आणि एकदा ती ओरडली, सरका, सरका,
इतकं मोठ्यानं, की मला वाटलं दुसरंच कुणी आहे.

आमच्या मैदानाला माती नाही.
प्लास्टिकचं गवत आणि त्यात जुन्या टायरांचे काळे दाणे.
तिनं जर्सी स्वतः आणून दिली,
उलटी केली तेव्हा फरशीवर दाणे सांडले, टपटप, मोहरीसारखे.
कोपराच्या जागी रक्त.
माफ कर, फार मळलीय, म्हणाली.
चेहरा कसा होता मी बघितलं नाही,
आमच्याकडे अशा वेळी बघत नाहीत.
रक्ताला आधी गार पाणी लागतं.
मी नळ सोडला, ती बराच वेळ उभी राहिली.

पुढच्या रविवारी सान्नी बोट बांधून आली.
जर्सी परत घडीतच.

तेहतिसाव्या वर्षी मिन्ट्टू थांबली. ट्यूलिप, भाषण, केक,
आणि फ्रेमीत लावलेला बारा नंबर.
ती जर्सी दुकानातून आणलेली, कोरी,
मिन्ट्टूनंसुद्धा न घातलेली.
तिनं काचेवरून बोट फिरवलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि पहिल्यांदा आम्ही दोघी हसलो,
इतक्या की अध्यक्षांना भाषण थांबवावं लागलं.

आता बारा नंबर एकोणीस वर्षांच्या पोरीला दिलाय, तिचं नाव हेल्मी.
काल दारात येऊन म्हणाली,
ही नका धुऊ, मी खेळलेच नाही.
मी म्हटलं, टाक टोपलीत.