दोनशे सोळा

अलकापुरीच्या दुकानात मितुल नावाचा मुलगा
आप्पांच्या कानाचं माप घेत होता
आणि माझ्याशी हळू बोलत होता,
त्यांना ऐकू जात नसतानाही.
एक लाख आठ हजार. दोन्ही कानांचे.
अठरा हप्ते, सहा-सहा हजारांचे.
व्याज?
झीरो, बेन. साव झीरो.

मी कार्ड काढलं.
आप्पा भिंतीवरचं आतल्या कानाचं चित्र बघत होते,
गोगलगाईसारखं काहीतरी, गुलाबी.

चौतीस वर्षं त्यांनी व्याज मोजलं
रावपुऱ्यातल्या सहकारी बँकेत, जिन्याखालच्या टेबलावर.
जूनअखेर, डिसेंबरअखेर पहाटे घरी यायचे
बाहीला शाई, आणि झोपेतही
रोजची शिल्लक गुणत राहायचे.
आई म्हणायची, काल रात्री तुम्ही मला
साडेपाच टक्के म्हणून हाक मारलीत.

बिनव्याजी फक्त आई देते, हे त्यांचं वाक्य.
दुसरं कोणी देऊ लागलं तर आपला खिसा चाचपावा.
म्हणून मी सांगितलं, रोख दिले, बोनस आला होता.
ओरडून सांगितलं.
दुसऱ्या दिवशी समोरच्या गुप्तेकाकू
बोनसबद्दल अभिनंदन करून गेल्या.

मग यंत्रं आली, पावट्याच्या दाण्याएवढी.
त्यांना पंखा ऐकू आला.
शिट्टी झाल्यावरची कुकरची फुसफुस.
दांडिया बाजारच्या नाक्यावर कोणी रिक्षावाला
पत्ता सांगत होता, तो अख्खा पत्ता.
आणि स्वयंपाकघरात, दार लोटून,
मी बँकेशी कुजबुजत होते:
झीरो म्हणालात ना, मग हे दोनशे सोळा कसले?

"कर असेल," बाहेरून आप्पा म्हणाले.

बिल नेऊन पुढ्यात ठेवलं. आता रागावतील.
त्यांनी कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं.
"दोनशे सोळा म्हणजे बाराशेचे अठरा टक्के.
बाराशे कसले? व्याजाचे.
आहे गं, व्याज आहे!
दुकानाने सूट दाखवून त्याच्यावर पांघरूण घातलंय,
कराचे पाय तेवढे बाहेर राहिलेत."
पंखा ऐकतानाही इतके खूश झाले नव्हते.
जुना सोबती बाजारात भेटावा
आणि त्याने मिशी काढलेली असावी,
तरी ओळखावा, तसे.

बोनसचं काही विचारलं नाही.
फक्त यंत्रं जपून वापरू लागले.
जेवण झालं की काढून डबीत.
झिजतात, म्हणायचे, अजून आपली कुठे झालीत.
हप्ता गेल्याचा मेसेज वाजला की
किती राहिले?
तेरा, मी हळूच म्हणायचे.
आणि ते मान हलवायचे.

नववा हप्ता गेला त्या दुपारी
डबीत एकच यंत्र होतं, उजवं.
डावा कान आजपासून आपला, म्हणाले,
आणि तो माझ्याकडे करून बसले.