बावीस, एक्कावन्न

मेलेलं माणूस हलणार कसं?
म्हणून पहिल्या खेपेला मला कळलंच नाही.
पितळी पलंगावर दुफीबाईंची आई,
मनगटांवर सोनं, पायांवर केन्टेची घडी,
आणि मी आपली बघत बसले.
मग लक्षात आलं,
उशाशी बसलेल्या बाईचा पंखा हवेतच थांबलाय
आणि माउसचा बाण
माशी चिकटावी तसा पडद्याला चिकटलाय.
बावीस मिनिटं, एक्कावन्न सेकंद.

बटण दाबून धरलं. मशीन विझलं, पुन्हा जागं झालं.
कॅसेट मागे घेतली, केबल घट्ट बसवली,
पहिल्यापासून.
बावीस, एक्कावन्न.

हार्मातान सुटून आठवडा झालेला,
कुमासीभर सगळ्यांच्या ओठांना भेगा.
एनसिया म्हणाला, धूळ.
तो कशालाही धूळच म्हणतो,
परीक्षेत नापास झाला तेव्हासुद्धा.
तरी डबा उघडला,
पंख्यातून मूठभर तांबडी माती निघाली,
आम्ही दोघं एकदम खोकलो.
बावीस, एक्कावन्न.

अँटिव्हायरस बंद केला, स्क्रीनसेव्हर बंद केला,
ड्रायव्हर काढून पुन्हा घातला.
आदुमला जाऊन नवी केबल आणली
घासाघीस न करता, कारण सहाला वीज जाणार होती.
दुसरी हार्ड डिस्क लावली,
धुतल्या ताटासारखी रिकामी.
कॅमेरा तिकडे कुरकुर फिरतोय,
इकडे संगणक ढिम्म.
शेजारची शिंपीण दारातून म्हणाली,
म्हातारीला जायचं नाहीये गं,
तिच्या नावानं दोन थेंब ओत.
ओतले. खोटं कशाला बोलू?
बावीस, एक्कावन्न.

शनिवारी कॅसेटची डिस्क करून द्यायची होती,
आगाऊ पैसे घेतलेले, खर्चलेलेही.

रात्री चिडून
एका बारशाची जुनी कॅसेट घातली.
ती तासभर सुरळीत गेली, बाळासकट.
म्हणजे घोडं पेंड खात होतं ते मशीनमध्ये नव्हतंच.
मग संगणकाकडे पाठ केली
आणि कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर
नुसते आकडे बघत राहिले.
बावीस, एकोणपन्नास. पन्नास. एक्कावन्न.
मग निळं.
चार सेकंद निळं, कोरं, आवाज नाही.
मग शून्य, शून्य, शून्य.

आणि आठवलं.
हॅम्बुर्गहून धाकटी उशिरा आली होती, पोकुआ,
बॅगेवर विमानाची चिठ्ठी तशीच.
पेटी तोवर बंद झालेली.
एकदाच दाखव, म्हणाली.
मांडवामागे, जनरेटरच्या धुरात,
मी कॅसेट मागे नेली.
तिनं कॅमेरा दोन्ही हातांनी धरला,
गरम भांडं धरतात तसा.
तेवढ्यात ढोल सुरू झाले,
माझं नाव कोणीतरी ओरडलं,
मी घाईत कॅसेट पुढे पळवली, जरा जास्तच,
आणि लाल दिवा लावला.
मागे काहीच नाही म्हटल्यावर
कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं पुन्हा शून्यापासून मोजायला घेतलं.

संगणकाला तेवढंच झेपेना.
एक्कावन्ननंतर बावन्न यावं,
एवढाच त्याचा हट्ट.
आला नाही म्हणून तो तिथेच उभा,
हाक मारली तरी मान न वळवता.

मग त्याला सांगितलं, आकड्यांकडे बघू नकोस.
निळं ओलांडून कॅसेट उभी केली,
हातानंच सुरू केलं, हातानंच थांबवलं.
अडतीस मिनिटं, एका दमात:
ढोल, काळी-तांबडी वस्त्रं, देणग्यांची नावं भोंग्यावर,
कोणाचा तरी छत्रीसकट नाच.
एक फाइल अलीकडची, एक पलीकडची.
जोडाच्या जागी काही घातलं नाही,
फुलं नाहीत, चित्र विरघळणं नाही.
नुसतं शेजारी शेजारी ठेवलं.

दुफीबाई आल्या, चष्मा पुसून सगळं बघितलं.
भावाची देणगी दोनदा ऐकू येते, म्हणाल्या,
माझी एकदाच.
पंखा पुढे हलला, पेटी उठली,
जोड त्यांच्या लक्षात आला नाही.
मग विचारलं, पोकुआ कुठेच कशी नाही?
उशिरा आल्या होत्या, मी म्हटलं.
नेहमीचंच, म्हणाल्या,
आणि सात प्रती सांगितल्या,
सहाच्या भावात.

एनसिया अजूनही धूळच म्हणतो.